मधल्या सुट्टीतला तास

लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीतली लिफ्टच बंद होती, म्हणून पहिल्या दिवशी मास्तर जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले. धापा टाकत तक्रार विभागाच्या दारात उभे राहिले, तेव्हा पहिल्याच टेबलावरच्या एका पोक्त बाईंनी कानावरचा हेडफोन जरा सरकवला आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. हातात कातडी बॅग, खिशाला दोन पेनं, पायांत लख्ख पॉलिश केलेले बूट.

"शाळेतून आलात का?" बाईंनी विचारलं. "लिफ्टची तक्रार असली तर फोन करायचा असतो. एवढे जिने चढून यायचं नसतं."

"नाही, मी रुजू व्हायला आलोय. गटप्रमुख म्हणून."

"म्हणजे आमचे साहेब?" बाईंनी पुन्हा एकदा त्या दोन पेनांकडे पाहिलं. "बसा मास्तर. आधी पाणी प्या."

झालं. सोळा वर्षं जपलेलं 'सर' चार जिन्यांत गळून पडलं आणि त्यांचे 'मास्तर' झाले. त्या बाईंना विभागातले सगळे ताई म्हणत. आठवडाभरात मास्तरही म्हणू लागले, कारण फोन कसा घ्यायचा, मेकॅनिक कसा पाठवायचा, आणि विभागप्रमुख मॅडम कोणत्या वेळी चिडलेल्या असतात, हे सगळं त्यांना ताईंनीच शिकवलं. आपल्या हाताखालच्या माणसाकडून काम शिकायची मास्तरांना लाज वाटली नाही. तसं त्यांना हल्ली कशाचंच फारसं काही वाटत नसे.

शाळा त्यांनी पगारासाठी सोडली, असं ते सगळ्यांना सांगत. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं आणि ते फक्त बायकोला माहीत होतं. नववीच्या वर्गाला ते समांतर रेषा शिकवत. त्या धड्यात त्यांचा एक ठरलेला विनोद होता: "समांतर रेषा म्हणजे माझे दोन काका. एकाच घरात राहतात, एकाच दिशेने चालतात, आणि जन्मात कधी भेटत नाहीत." मुलं हसत. दर वर्षी, त्याच वाक्याला, तेवढीच. एका दुपारी घंटा झाली तेव्हा मास्तर भानावर आले. फळा त्यांच्याच अक्षराने भरला होता, बोटांना खडू लागला होता, मुलं वह्या मिटत होती, आणि आपण काय बोललो, काय लिहिलं, यातलं त्यांना काही म्हणजे काही आठवेना. विनोद सांगितला की नाही, तेही आठवेना. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीला विचारलं, "मी काकांचं सांगितलं का गं?" ती म्हणाली, "हो सर. आम्ही हसलो की."

त्या संध्याकाळी त्यांनी शनिवार-रविवारच्या एमबीएचा अर्ज आणला.

दोन वर्षं ते पुन्हा बाकावर बसले. शेजारी त्यांचाच एक जुना विद्यार्थी होता. पहिल्या दिवशी तो दचकून उभाच राहिला. "सर, तुम्ही पण?" असं म्हणाला, आणि पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या वहीतून उत्तरं उतरवू लागला, शाळेत शेजारच्याची उतरवायचा तशीच. मास्तर उतरवू देत. त्या दोन वर्षांत शनिवार-रविवारी घर बायकोने एकटीने ओढलं. आठवडाभर औषधांच्या दुकानात उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी लेकीचा अभ्यास, किराणा, आजारपणं. ती एकदाही कुरकुरली नाही. फक्त एकदा म्हणाली, "नापास होऊ नका म्हणजे झालं. मास्तरच नापास झाले तर मी कुणाला तोंड दाखवू?"

मास्तर पहिल्या वर्गात पास झाले. मनुष्यबळाच्या पेपरात एक प्रश्न होता: कर्मचाऱ्यांच्या मूल्यमापनाची घंटेच्या आकाराची रेषा काढा आणि स्पष्ट करा. मास्तरांनी पट्टीने अक्ष आखले आणि हाताने अशी सुबक रेषा काढली की तपासणाऱ्याने शेरा मारला, 'उत्तम आकृती'. थोडी माणसं वर, बरीच मध्ये, थोडी खाली. दहापैकी नऊ मिळाले. अक्षांना नावं दिली नव्हती म्हणून एक कापला होता. आयुष्यभर याच चुकीला आपण मुलांचा एक मार्क कापत आलो, हे आठवून मास्तर घरी एकटेच हसले होते.

आता कंपनीत त्यांच्या हाताखाली सहा माणसं होती. सहा महिने नोकरी कच्ची, मग मॅडमनी ठरवलं तर पक्की. शाळेत परतायचा रस्ता बंद होता. तिथे त्यांच्या जागी एक तरुण शिक्षिका आली होती, आणि ती मुलांना आवडते, असं त्याच शाळेत शिकणाऱ्या लेकीनेच येऊन सांगितलं होतं.

या सहांतला सगळ्यात मागे पडलेला म्हणजे सावकाश. खरं नाव कागदोपत्री असेल ते असो. गिऱ्हाईक फोनवर ओरडायला लागलं की तो म्हणे, "सावकाश, सावकाश सांगा," म्हणून त्याचं नाव सावकाश पडलं. माणूस अंगाने धिप्पाड, स्वभावाने गायीसारखा, आणि कामात कच्चा. अगदी खरा कच्चा, त्यात आडपडदा नव्हता. 'दार उघडत नाही' आणि 'दार बंद होत नाही' या दोन बिघाडांचे ठरलेले आकडे तो नोंदीत हटकून उलटे टाकी, आणि मेकॅनिक भलताच भाग घेऊन भलत्या दारापाशी जाऊन उभा राही. शेऱ्याच्या जागी तो गोष्ट लिही. 'बाई म्हणतात लिफ्ट कालपासून कण्हते आहे आणि त्यांच्या सासूबाईंनाही तसंच वाटतं.'

"सासूबाई कण्हतात की लिफ्ट?" ताई त्या बाजूच्या टेबलावरून विचारत.

"दोघी," सावकाश गंभीरपणे सांगे.

भिंतीवर एक मोठा पडदा होता. त्यावर सहांचे फोटो आणि पुढे दोन आकडे: फोन किती वेळात आटोपतो, आणि नोंदी किती चुकतात. आकडे हिरवे, पिवळे, लाल. सावकाशची ओळ कायम लाल. तिकडे पाहिलं की मास्तरांना शेवटच्या बाकावरचा, मान खाली घातलेला मुलगा दिसे. असा मुलगा दिसला की मास्तरांचे पाय आपोआप त्या बाकाकडे वळत. त्यात ममता वगैरे नव्हती. ती सवय होती, चष्मा पुसण्यासारखी.

"उद्यापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे बसायचं," त्यांनी सावकाशला सांगितलं. "डबा घेऊन ये."

"शिक्षा आहे का मास्तर?"

"शिकवणी आहे."

"फी?"

"डब्यातलं थोडं द्यायचं."

पण सुट्टीत सावकाशची जागा रिकामी राहिली तर त्याचे फोन कोण घेणार? जेवायला पाळीपाळीने जायचं, निम्मे खाली आणि निम्मे फोनवर, असा विभागाचा नियम होता, आणि शिकवणीला तर अख्खी सुट्टी लागणार होती. मास्तर अडलेले पाहून ताईच म्हणाल्या, "जा, घ्या तुमचा वर्ग. त्याचे फोन मी बघते. मला एवीतेवी घास लवकर उतरत नाही, इथेच बसून चावत राहीन."

"रोज?"

"रोज म्हणजे काय, हा पोरगा शहाणा होईपर्यंत. म्हणजे रोजच."

कोपऱ्यात, झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, मधल्या सुट्टीतला तास सुरू झाला. मास्तरांनी बिघाडांची लांबलचक यादी बाजूला ठेवली आणि कागदावर एक झाड काढलं. पहिला प्रश्न: आत माणूस आहे का? दुसरा: दार कसं आहे? तिसरा: आवाज येतोय का? प्रत्येक उत्तराला एक फांदी, फांदीच्या टोकाला एकच आकडा. मग मास्तर गिऱ्हाईक होत आणि सावकाश फोन घेई. मास्तर कधी चिडके आजोबा होत, कधी घाईतले वकील. शिकवताना त्यांचा हात खडूसाठी खिशात जाई आणि पेन घेऊन बाहेर येई. पलीकडून ताईंचा आवाज येत असे. "घाबरू नका हो. खाली बसून घ्या. हो, सरळ फरशीवर. कपडे धुता येतात. मी आहे ना फोनवर."

दुपारची ती वेळच वाईट होती. सगळ्या कचेऱ्यांतली माणसं एकदम जेवायला खाली उतरत आणि एकदम वर चढत. लिफ्टमध्ये दाटी होई आणि ती मधेच अडके. बाकीच्या दिवसात जे फोन येत ते किरकोळ: दिवा लागत नाही, बटण रुतून बसलंय. माणूस आत अडकल्याचे फोन यायचे ते बहुतेक जेवणाच्या सुट्टीत. ते लवकर आटोपत नसत. निदान ताईंना तरी ते आटोपता येत नसत. मेकॅनिक निघाला की फोन ठेवायचा, असा नियम होता. ताई मेकॅनिक पोचेपर्यंत बोलत बसत. त्याने लिफ्ट काही लवकर सुरू होत नसे, हे त्यांनाही कळत होतं. "मला 'ठेवते' म्हणता येत नाही," त्या म्हणत. "कुणाकडे गेले तरी दारातच अर्धा तास उभी असते मी."

महिन्याभरात सावकाशच्या नोंदी सुधारल्या. मग वेळ सुधारला. त्याची ओळ लालची पिवळी झाली आणि एका सकाळी चक्क हिरवी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी बिस्किटांचा पुडा फोडला. सावकाशने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि काही बोलायचं म्हणून म्हणाला, "सावकाश झालं पण झालं."

मास्तर हसले. आपल्याला आनंद झालाय का, हे ते मनातल्या मनात चाचपून पाहत होते. एखाद्या दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर माणूस गाल चाचपतो तसं. गाल जागेवर होता, एवढंच कळत होतं.

तेवढे दिवस पडद्यावर त्यांची नजर फक्त सावकाशच्या ओळीवर जात राहिली. कच्च्या मुलाच्या पेपरावर असते तशी. बाकीच्या ओळी त्यांनी पाहिल्याच नाहीत.

सहामाही संपत आली तेव्हा मॅडमनी त्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. मॅडम मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, आणि नेहमी थकलेल्या. त्यांनी संगणक मास्तरांकडे वळवला. पडद्यावर तीन चौकोन होते. वरचा, मधला, खालचा. बाजूला सहा फोटो.

"प्रत्येकाला ओढून चौकोनात ठेवायचं," मॅडम म्हणाल्या. "वरच्यात एक, खालच्यात एक, बाकी मध्ये. खालच्यातला माणूस या महिन्याअखेर जाईल. आकडे तुमच्यासमोर आहेत, त्यामुळे अवघड काही नाही."

मास्तरांनी आकडे पाहिले. सावकाश चौथा होता. त्याच्याखाली एक मुलगा होता, थोडक्यात वाचलेला. सगळ्यात खाली ताई.

ताईंच्या नोंदी बिनचूक होत्या. वेळ मात्र गेल्या दोन महिन्यांत चढत गेला होता. कुठे चढला, का चढला, हे समजायला एमबीएची गरज नव्हती. सावकाशच्या वाट्याचे दुपारचे लांबलेले फोन ताईंच्या खात्यावर गेले होते आणि त्याच्याकडे उरले होते ते रुतलेल्या बटणांचे.

"यांचा वेळ वाढला तो माझ्यामुळे," मास्तर म्हणाले. "सुट्टीत मी सावकाशला शिकवत होतो. त्याचे फोन या घेत होत्या."

"मला माहीत आहे. काचेतून दिसतं की सगळं."

"मग ते कारण लिहिता येईल ना?"

"कारण लिहायला जागा नाही हो इथे." मॅडमनी पडद्याकडे बोट केलं. खरंच नव्हती. "तुम्हाला दुसरं नाव द्यायचं असलं तर द्या. मी अडवणार नाही. मला नाव हवंय."

"सहाही जणांचं काम चांगलं असू शकत नाही का? आता कुणाचीच ओळ लाल नाही, मॅडम."

"असू शकतं. म्हणून तर अभिनंदन करायचं होतं तुमचं. पण चौकोन तीनच आहेत."

शाळेत निकालाच्या आधी शिक्षकांची बैठक बसे. पस्तीसला दोन-तीन मार्क कमी पडलेली मुलं एकेक करून पुढे येत आणि सगळे मिळून त्यांना वर ओढत. कुणी म्हणे, अक्षर चांगलं आहे, द्या दोन. कुणी म्हणे, घरी बाप आजारी आहे, द्या तीन. ते मार्क कुठून आणायचे, हा प्रश्न त्या बैठकीत कधी कुणाला पडला नव्हता. ते हवेतून येत. एकाला वर काढलं म्हणून दुसरा खाली गेला, असं सोळा वर्षांत एकदाही झालं नव्हतं. पस्तीसची रेघ जागेवर असे आणि तिच्यावर कितीही मुलं मावत.

आणि तरी ही दुसरी रेघ, घंटेच्या आकाराची, त्यांनी परीक्षेत स्वतःच्या हाताने काढली होती. पट्टीने अक्ष आखून. नऊ मार्क मिळाले होते.

"माझं नाव टाकलं तर?" त्यांनी विचारलं. ते शौर्याने विचारलं नव्हतं. वर्गात एखादा मुलगा उगीच शंका विचारतो तसं विचारलं होतं.

"तुम्ही या सहांत येत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचा चौकोन माझ्या पडद्यावर आहे." मग जरा थांबून, जवळजवळ ओशाळून, त्यांनी पुढे सांगितलं, "आणि माझा वरच्या मजल्यावर."

सोमवारपर्यंत नाव द्यायचं ठरलं.

रात्रीच्या जेवणाला बायकोने विचारलं, "मग? काय म्हणाल्या तुमच्या मॅडम? कायम करतायत का?"

"करतील. एक काम उरकलं की."

"कसलं काम?"

त्यांनी सांगितलं. लेक ऐकत होती. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे मोठ्यांना पण प्रगतिपुस्तक असतं?"

"असतं."

"आणि एकाला नापास करायचंच? सगळ्यांनी अभ्यास केला तरी?"

"तू जेव," आई म्हणाली. मग नवऱ्याकडे वळून, "दुसऱ्या कुणाचं नाव नाही का देता येणार?"

"देता येईल की. त्या मुलाचं. किंवा सावकाशचं. पण ते दोघे खरोखर वर आहेत. आकड्यांनी."

"आणि नाहीच दिलं कुणाचं?"

"मग मॅडम देतील. ताईंचंच. आणि माझं त्यांच्या पडद्यावर खालच्या चौकोनात जाईल."

बायकोने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. दोन वर्षांचे शनिवार-रविवार तिच्या चेहऱ्यावर होते. तिने वेगळंच विचारलं.

"अहो, तुम्हाला काय वाटतंय?"

मास्तरांनी प्रामाणिकपणे विचार केला. "काही नाही," ते म्हणाले.

"शाळा सोडताना पण हेच म्हणाला होतात," बायको म्हणाली आणि भांडी उचलायला उठली.

सोमवारी मास्तरांनी ताईंचा फोटो ओढला. खालच्या चौकोनापर्यंत नेला आणि बोट थोडं लवकर सुटलं. फोटो घसरत पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. क्षणभर त्यांना वाटलं, यंत्राने नाही म्हटलं. पण यंत्राचं तसं काही म्हणणं नव्हतं. बटण नीट दाबून धरलं नव्हतं, एवढंच. त्यांनी दुसऱ्यांदा नीट दाबून धरलं. फोटो बसला. चौकोन किंचित गडद झाला. मग बाकीचे पाच ठेवणं सोपं गेलं.

ताईंना सांगायचं कामही गटप्रमुखाचंच होतं. काचेच्या खोलीत त्या समोर येऊन बसल्या आणि दोरीला लटकवलेला चष्मा त्यांनी नाकावर चढवला.

"ताई, सुरुवातीलाच सांगतो," मास्तर म्हणाले, "तुमचं काम, तुमची चिकाटी, आणि विशेषतः तुमचा स्वभाव..."

"मास्तर."

"हं?"

"पालकांशी बोलतात तसं बोलू नका माझ्याशी. पोरगं नापास झालंय ना? मग तसं सांगा."

मास्तरांनी सांगितलं. एका वाक्यात सांगून झालं. आपलाच आवाज, स्वच्छ, फळ्यासमोरचा, त्यांना दुरून ऐकू येत होता.

ताईंनी काचेतून बाहेर, आपल्या टेबलाकडे पाहिलं. तिथे त्यांचा डबा होता, अर्धा उघडा.

"ती शिकवणी नसती तर कोण गेलं असतं?"

"सावकाश."

"म्हणजे चांगलं शिकवलंत."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे मास्तरांना ओळखता आलं नाही. मुलांच्या उत्तरात चूक कुठे आहे ते त्यांना लांबून दिसायचं. इथे ते वाक्य त्यांनी दोनदा मनात फिरवून पाहिलं आणि त्यांना काहीच सापडलं नाही.

"माझ्यामुळे झालं, ताई. त्या दुपारच्या फोनांमुळे."

"मीच म्हणाले होते, मी बघते म्हणून. तुम्ही काय हात पिरगळला होता का माझा?" त्या उठल्या. चष्मा काढून छातीवर सोडला. "मला ठेवता येत नाही फोन. सवय वाईट. आमचे हे म्हणायचे, एक दिवस तुझी जीभच तुला नडेल." दारापाशी पोचल्यावर त्या वळल्या, खरोखरच दारात थांबणारी बाई होती ती. "आता दुपारचे फोन कोण घेणार?"

"बघू," मास्तर म्हणाले.

महिन्याअखेर ताई गेल्या. लिफ्ट त्या दिवशी नेमकी चालू होती, पण त्या जिन्याने उतरल्या. सावकाश त्यांची पिशवी घेऊन खालपर्यंत गेला आणि परत येऊन जागेवर बसला. त्या दिवशी त्याने कुणाला सावकाश सांगा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मास्तरांच्या टेबलावर पक्क्या नोकरीचं पत्र ठेवलं. "अभिनंदन," त्या म्हणाल्या. "आणि ताईंच्या जागी माणूस मिळेपर्यंत त्यांचे फोन तुम्हीच घ्या. पडद्यावर सहा ओळी लागतात. आकडे सध्या तुमच्या नावावर जातील."

"म्हणजे पुढच्या सहामाहीला मी..."

"तोवर मिळेल हो माणूस," मॅडम म्हणाल्या. त्यांनी 'बहुतेक' म्हटलं नाही, पण ते ऐकू आलं.

मास्तरांनी पत्राची घडी करून खिशात, पेनांच्या मागे ठेवली. घरी फोन करून सांगावं असं मनात आलं. संध्याकाळी सांगू, म्हणून राहिलं.

जेवणाच्या सुट्टीत सावकाश डबा आणि ते झाडाचं चित्र घेऊन यंत्राशेजारच्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला. कागद घड्या पडून मऊ झाला होता.

"मास्तर, पुढचा धडा?"

"संपले धडे. येतं तुला आता."

"नाही येत मला अजून," सावकाश म्हणाला. "मी शिकलो म्हणून ताई गेल्या ना? मॅडम कुणाला तरी सांगत होत्या." त्याने कागद पुढे केला. "मी हे विसरलो तर त्यांना परत घेतील का?"

मास्तरांनी नकारार्थी मान हलवली. "जा, जेव," ते म्हणाले.

आणि ते ताईंच्या खुर्चीवर जाऊन बसले. खुर्ची ताईंच्या उंचीची होती, त्यामुळे गुडघे टेबलाला लागले. हेडफोनची पट्टी ओढून मोठी करावी लागली. पडद्यावर सहाव्या ओळीत फोटोची जागा कोरी होती आणि पुढे त्यांचं नाव.

फोन वाजला.

"लिफ्ट थांबली आहे," एक म्हातारा आवाज म्हणाला. "मधेच. दिवा पण गेला."

"आत कुणी आहे का?"

"मी आहे की. एकटाच."

पहिली फांदी. मास्तरांनी इमारत विचारली, मजला विचारला, दार विचारलं, आवाज विचारला. आकडा टाकला. मेकॅनिक निघाल्याचा हिरवा ठिपका पडद्यावर आला. काम संपलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं, फोनचा वेळ मोजणारं छोटं घड्याळ अजून हिरवं होतं. आता म्हणायचं, माणूस निघाला आहे, धन्यवाद, आणि ठेवायचा.

"माणूस निघालाय तुमच्याकडे," मास्तर म्हणाले.

"बरं. बरं. मग तुम्ही आता ठेवणार?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'ठेवतो' हा साधा शब्द. तो त्यांना सुचेना. दया आली असंही नव्हतं. दया आली असती तर कळलं असतं. नुसता शब्दच येत नव्हता.

"बसून घ्या खाली," ते म्हणाले. "फरशीवर. कपडे धुता येतात."

कपड्यांची सळसळ झाली, एक लांब श्वास ऐकू आला. "बसलो. काहीतरी बोला हो. फार शांत आहे इथे."

"काय बोलू?"

"काहीही. तुम्ही काय करता?"

"मी मास्तर आहे," मास्तर म्हणाले, आणि त्यात चूक झाली हे लक्षात येऊनही त्यांनी ती दुरुस्त केली नाही. "गणिताचा. समांतर रेषा शिकवायचो. समांतर रेषा म्हणजे माझे दोन काका. एकाच घरात राहतात, एकाच दिशेने चालतात, आणि जन्मात कधी भेटत नाहीत."

पलीकडे कुणी हसलं नाही. घड्याळ पिवळं झालं. काचेच्या खोलीत मॅडमनी मान वर केलेली दिसली. समोर सावकाशने डबा बाजूला सारला होता. दुसरा फोन वाजण्याआधीच हेडफोन कानावर चढवून तो आपल्या जागेवर बसला होता. त्याच्या जेवणाची पाळी होती.

"का हो?" म्हातारा आवाज अंधारातून म्हणाला. "कशावरून बिनसलं त्यांचं?"

सोळा वर्षं हा विनोद सांगितला होता, पण हे कुणी विचारलं नव्हतं. खरं तर मास्तरांना काकाच नव्हते. त्यांनी डोळे मिटले आणि ते घर शोधायला लागले. दोन खोल्या असाव्यात. मधे एक भिंत. एक काका सकाळी लवकर उठणारे, दुसरे उशिरा. घड्याळ लाल झालं.

"सांगतो," मास्तर म्हणाले. "जरा मोठी गोष्ट आहे."

"असू दे. मी कुठे जातोय?" म्हातारा म्हणाला.